उंबऱ्यातली ओवी

आईनं पायांत चपला सरकवल्या, कापडी पिशवी काखेत मारली आणि उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली,

"डोळं लावियेलं, बाई, दूरच्या डोंगराला
मदत येती कुठून, पुसती मी अंबराला..."

मार्था वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं पिठानं भरलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. मान खाली घालून मी खडे शोधत राहिले.

"अगं, कुणी आहे का घरात?" आई म्हणाली. "मी विचारलंय."

तव्यावरची भाकरी फुगली, वाफ सोडून बसली. आम्ही दोघी गप्प.

आईनं पुन्हा ओवी म्हटली. या वेळी जरा हळू. मग एक चप्पल काढली, दुसरी काढली, पिशवी खुंटीला लावली आणि आत जाऊन बाजेवर बसली. बाजेची सुंभं कुरकुरत राहिली. आई थरथरत होती, पण आम्ही ते दुखण्याच्या खात्यात घातलेलं होतं.

"गेली बाई आत," वहिनीनं श्वास सोडला. "आजची बला टळली."

हे काय होतं ते सांगायला हवं.

आमचा ख्रिस्तवाडा प्रवरेच्या कालव्याकाठी. डोंगर म्हणाल तर नावाला नाही. जिकडं पाहावं तिकडं ऊस आणि ज्वारी, आणि सगळ्यांत उंच काय, तर साखर कारखान्याच्या चिपाडाचा ढीग. पण माझ्या आजीला, म्हणजे आईच्या सासूला, बायबलातलं एकशे एकविसावं, डोंगराकडं डोळे लावायचं स्तोत्र फार प्यारं. तिला वाचता येत नव्हतं. पाळकसाहेबांनी उपासनेत वाचलेलं तिनं कानांत धरून ठेवलं आणि घरी येऊन जात्यावर बसवलं. दळता दळता त्या स्तोत्राच्या ओव्या झाल्या. आणि का कोण जाणे, तिनं त्यांची वाटणी केली. पहिली ओवी विचारायची, ती घराबाहेर निघालेल्यानं म्हणायची. बाकीच्या उत्तराच्या, त्या घरात राहणाऱ्यानं म्हणायच्या. उत्तर मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दादा पलटणीत भरती व्हायला गेला तेव्हा विचारून गेला. मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले ती विचारून गेले. एकदा घरात कुणीच नव्हतं, म्हणून आईनं पलीकडच्या राहेलकाकूंना भिंतीवरून हाक मारली. काकूंच्या तोंडात मिसरी. त्यांनी चूळ भरून उत्तर देईपर्यंत आई उंबऱ्यात उभी, आणि फाट्यावरची एसटी निघून गेली. ही गोष्ट ख्रिस्तवाड्यात अजून हसत हसत सांगतात.

आई सगुणाबाई. मुलींच्या बोर्डिंगात तिनं उभा जन्म स्वयंपाक केला. शंभर पोरींची पानं नजरेनं मोजणारी बाई. पण म्हातारपणी तिच्या डोक्यातली उतरंड ढासळली. कुठलं मडकं कुठं गेलं, पत्ता लागेना. मला ती कधी लेक म्हणून ओळखायची, कधी बोर्डिंगातली पोर म्हणून. आणि दुपार कलली की तिला निघायचं असायचं. कुठं, ते तिलाही सांगता यायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, दाराला कडी घाला. बाहेर कालवा आहे, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या पळतात. आम्ही कडी घातली तर तिनं दारावर कपाळ आपटून घेतलं. मग एका दुपारी वहिनीच्या दातांत सुईचा दोरा होता म्हणून तिला उत्तर देता आलं नाही, आणि आई आपण होऊन माघारी फिरली. तेव्हा आम्हाला हा शोध लागला. सगळं विसरलेल्या आईला एवढं एक आठवत होतं, की उत्तर मिळाल्याशिवाय निघायचं नाही.

"बिनकडीची कडी," दादा म्हणाला. तो पलटणीतून सुटून आता कारखान्यात लागला होता. गळिताचा हंगाम, त्यामुळं घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. "ना आवाज, ना आपटाआपटी. देवानंच सुचवलं म्हणायचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी उत्तर म्हणेनासं झालं. स्वतः निघतानासुद्धा आम्ही मुकाट मागच्या दारानं जायचो, तिला आठवण नको म्हणून.

रात्री मात्र ती झोपायची नाही. उठून भिंती चाचपायची. मी तिच्या पदराला माझा पदर बांधून पडायचे आणि छपराकडं बघत राहायचे. शाळेत पोरं पाढे म्हणायची तेव्हा माझी मान पुढं गळायची. शेवटी मी बिनपगारी रजा टाकली.

मी तांदूळ निवडत होते त्याच्या दुसऱ्या दिवशी याकोबमामा आला.

मामा आईचा धाकटा भाऊ. डोक्याला पटका, गळ्यात उपरणं, आवाज असा की तीन घरांपलीकडं ऐकू जावा. कळवून यायची त्याला सवय नाही. वहिनी गिरणीत गेली होती. मी परसात चादरी वाळत घालत होते, म्हणून तो आलेलाही मला कळला नाही. त्यानं पेरूची पाटी अंगणात ठेवली आणि दगडावर उभा राहून पाय धुवायला लागला.

आत आईची दुपार झाली होती. चपला, पिशवी, उंबरा.

"मदत येती कुठून, पुसती मी अंबराला..."

मी ते परसातून ऐकलं आणि सवयीनं गप्प राहिले. इतक्यात अंगणातून मामाचा खणखणीत आवाज आला. एकामागून एक त्यानं सगळ्या ओव्या म्हटल्या. शेवटची तर गळा मोकळा सोडून,

"जाणं तुझं राखील, येणं तुझं राखील
आजपून पुढं, जलमभर राखील!"

आता हे कसं सांगू? मी पळायला हवं होतं. पण मी ओली चादर छातीशी धरून तशीच उभी राहिले. किती दिवसांनी कानांवर आलं होतं ते. अंगणात कुणी दिवा लावावा आणि परसातल्या माणसाच्या पायाशी उजेड यावा, तसं झालं. चादरीचं पाणी माझ्या पोलक्यात उतरलं, तेव्हा मी भानावर आले.

पुढच्या दारात पोचले तर उंबरा रिकामा.

मामा उपरण्यानं पाय पुसत होता. "काय शिबे! बरी आहेस ना? सगुणीचा गळा अजून शाबूत आहे हां. मला वाटलं, तुम्ही शिकलीसवरली माणसं, ओव्या मोडीत काढल्या असतील."

"मामा, आई कुठं गेली?"

"गेली की. माझ्या अंगावरनं गेली. मी म्हटलं सगुणे, भाऊ आलाय, तर म्हणते, बसा पावणं, मी आलेच. थट्टा करायची सवय काय जात नाही तिची."

"ती थट्टा नाही, मामा! तिला काही कळत नाही आता. तुम्ही उत्तर कशाला दिलंत?"

मामाचं उपरणं हातातच राहिलं. "कशाला म्हणजे? तिनं विचारलं, मी सांगितलं."

"आम्ही देत नाही उत्तर. उत्तर दिलं नाही तर ती जात नाही."

मामाचा पाय पाटीला लागला. पाटीतला एक पेरू घरंगळून पाय धुतलेल्या पाण्यात पडला. "रोज विचारते?" त्यानं विचारलं.

"रोज."

"मदत कुठून येती म्हणून? आणि तुम्ही येशूची माणसं, ऐकून न ऐकल्यासारखं करता?"

मला राग आला. मला रडू आलं. दोन्ही एकदम आलं, आणि कशाला वाट द्यावी कळेना. एवढ्यात डोक्यावर पिठाचा डबा घेऊन वहिनी आली. माझं तोंड बघूनच तिनं डबा खाली ठेवला.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच."

"मी कालव्याच्या पाटाकडं जाते," ती म्हणाली.

"पाटाला पाणी सोडलंय, वहिनी. मी जाते."

"म्हणूनच तुम्ही नको, वन्सं." तिनं पदर खोचला. "तुम्ही ज्वारीकडं जा. मामा, तुम्ही फाट्यावर. ट्रॉलीवाल्यांना हात करा, हळू चालवा म्हणावं."

मामा अनवाणीच पळाला. म्हातारा माणूस, पण पळाला.

गावाबाहेर वाट फुटते. एक कालव्याला, एक फाट्याला, एक शिवारात. शिवाराच्या वाटेवर धुळीत पावलं होती. पण ती बकऱ्यांची, गाड्यांची, शाळेतल्या पोरांची, सगळ्या जगाची होती. आईची कुठली? तिच्या चपलेचा ठसा कसा असतो, मला ठाऊक नव्हतं. तिच्यामागं मी कधी चाललेच नव्हते. लहानपणापासून तीच माझ्यामागं.

ज्वारी हुरड्यात आली होती. माणूस बुडेल एवढी उंच. मी बांध सोडून आत शिरले. पानं गालांना कापत होती. "आई! ए आई!" हाक मारली की चहूकडून पानांची सळसळ, आणि त्या सळसळीत मला चारी दिशांनी कुणीतरी चालताना ऐकू यायचं. इकडं गेले तर आवाज तिकडं. तिकडं गेले तर मागं. थोड्या वेळानं मी कुठल्या तोंडानं आत शिरले हेही मला सांगता येईना. वर पाहिलं तर कणसं आणि निळं आभाळ. कारखान्याचा चिपाडाचा ढीगही दिसेना.

मी प्रार्थना करू लागले. पण प्रार्थना सुचेना. तोंडात येत होती ती एकच ओवी, विचारायची. मदत येती कुठून. मदत येती कुठून. पुढचं उत्तर मला माझं मलाच देता येईना. आत्ता तर मामानं म्हटलं होतं! पायाबद्दल काहीतरी होतं, घसरण्याबद्दल... आणि मग? आजीच्या मांडीवर पाठ झालेलं, आणि आता कोरं. मी आईसारखी झाले होते. फरक इतकाच की तिला निदान थांबायचं ठाऊक होतं. मी थांबेना. मी विचारत होते आणि पळत होते.

मला आईचा जीव हवा होता. आणि त्याच वेळी, हेही खरं, मला कुठंतरी आडवं होऊन झोपावंसं वाटत होतं. दोन्ही एकाच छातीत कसं मावतं, मला अजून कळलेलं नाही.

मग एकदम ज्वारी संपली. मधे थोडी मोकळी जागा, चार मेढींवर माचा, आणि माच्याच्या सावलीत आई. पिशवी मांडीवर. पदराचं टोक हवेत हलवत ती हलक्या आवाजात म्हणत होती, "हाऽ, हाऽ." कणसांवर उतरू पाहणारी चिमण्यांची झुंड वळसा घालून लांब जायची, परत यायची, परत वळायची.

"आई!"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. वर खूण केली. माच्यावर कोंडिबा राखण्या गोफण उशाला घेऊन घोरत होता. त्याचा एक पाय खाली लोंबत होता.

"हळू बोल," आई कुजबुजली. "दमलाय बिचारा. झोपू दे."

"अगं, तो राखण करायला बसलाय ना!"

"माणूस आहे. माणसाचा डोळा लागायचाच." तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मी ओळखलं, मी आज लेक नव्हते. "कुठल्या इयत्तेतली गं तू?"

"सातवीतली, बाई," मी म्हणाले.

"डोळे बघ कसे झालेत. जागतेस रात्रीची?"

"हो."

"का?"

"भीती वाटते."

"कशाची?"

तुझीच, असं मी म्हणणार होते. तू जाशील याची. पण ते बोर्डिंगातल्या पोरीचं उत्तर झालं नसतं. तिनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली आणि मांडीवर थाप मारली.

"ये. पड जरा."

"बाई, तुम्ही जाल उठून."

"मी कशाला जाते? मला सांगितलंय एकानं." ती आपल्याशीच हसली. "चांगला गळा होता. किती दिवस विचारत होते मी. कुणी बोलेनाच. मला वाटलं, घरात कुणी उरलंच नाही. का मलाच ऐकू येईना झालंय. का तो वरचाच..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि चिमण्यांवर पदर हलवला. "हाऽ. आता बरं आहे. तू पड."

मी तिला उठवून घरी न्यायला हवं होतं. पाटावर वहिनी पाण्यात डोळे घालून फिरत असेल, मामा फाट्यावर ट्रॉल्यांपुढं उभा असेल. सगळं कळत होतं. पण तिचा हात माझ्या डोक्यावर आला, कांद्याचा आणि धुण्याच्या साबणाचा वास असलेला, आणि माझी मान आपोआप तिच्या मांडीवर गेली. तिचं लुगडं हलत नव्हतं. ती थरथरत नव्हती. तेवढंच लक्षात आलं आणि मी झोपले.

जाग आली ती दचकून. हात चाचपला. मांडी होती. वर पाहिलं, आई होती. पदर तसाच हलत होता. सावली लांब जाऊन ज्वारीत शिरली होती.

कोंडिबा खाली उतरून उभा होता, ओशाळा. "ताई, तुमच्या आईनं आज माझी राखण केली बघा. डोळा लागला तो लागलाच. एक पाखरू बसू दिलं नाही बाईनं."

"घरी जायचं का, आई?" मी विचारलं.

ती उठली. लुगडं झटकलं, पिशवी काखेत मारली, चपला घातल्या. सावलीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. तिथं ना दार ना उंबरा. सावली आणि ऊन, एवढीच रेघ. तिथं उभी राहून तिनं ओवी म्हटली.

आणि वाट पाहू लागली.

आता मीच होते. वहिनी नव्हती ओठांवर बोट ठेवायला. उत्तर दिलं तर ती कुठं जाईल, कुणास ठाऊक. मी तोंड उघडलं. पहिली ओवी अडखळत आली,

"आभाळ-भुई ज्यानं घडविली बोलानं
त्याची मदत, बाई, मिळंना मोलानं."

"पुढं?" आई म्हणाली, बोर्डिंगात चुलीपाशी पोरींचं पाठांतर घेताना म्हणायची तशी.

"पाय तुझा घसरंना, वाट जरी निसरडी..." मी अडकले. पुढचं कोरं. मी आभाळाकडं पाहिलं, कणसांकडं पाहिलं. समोर कोंडिबा डोळे चोळत, जांभई दाबत उभा होता, आणि त्याच्या त्या जांभईतूनच मला आजीची ओळ परत मिळाली.

"राखण्याचा डोळा लागंना एक घडी."

"माझा लागला की वो," कोंडिबा म्हणाला.

"तुझं नाही चाललंय, बाबा," आई म्हणाली, आणि अशी हसली की मला तिचे बोर्डिंगातले दिवस दिसले. मीही हसले. हसता हसता उरलेल्या ओव्या म्हटल्या. जाणं राखील, येणं राखील.

"हं," आई म्हणाली. उन्हात पाऊल टाकलं.

"कुठं जायचं?"

"मला काय ठाऊक?" तिनं माझं बोट धरलं. "मी कुठं जायचं ते कधी विचारलं?"

ती घराच्या वाटेनं निघाली नाही. उलट्या बांधानं निघाली. मी तिच्या बरोबरीनं चालले. कालव्याच्या कडेनं, फाट्याच्या बाजूनं, कारखान्याच्या वासातून असा भला मोठा वळसा घेऊन आम्ही दिवेलागणीला घरी आलो. वाटेत वहिनी मिळाली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. तिनं आईला मिठी मारली आणि मला एक शिवी दिली. मग मामा मिळाला.

"काय पावणं," आई त्याला म्हणाली, "पेरू आणलेत म्हणे?"

मामानं आम्हाला पुन्हा काही ऐकवलं नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "उत्तर द्यायचं तर पायांत वहाणा घालून द्या. नुसतं तोंडानं काय होतंय?"

तोच आमच्या घरातला नियम झाला. दुपार कलली, आईनं उंबऱ्यात विचारलं, की जे कुणी घरात असेल त्यानं आधी चपला घालायच्या, मग उत्तर द्यायचं, आणि तिच्याबरोबर निघायचं. कधी मी, कधी वहिनी, रविवारी दादा. गाव बघायचं. ती नेईल तिकडं जायचं. तिला काही आठवेनासं झालं ते झालंच. ते परत आलं नाही. पण रात्री ती झोपू लागली. पदराला पदर बांधायचं मी सोडून दिलं.

शेवटच्या वेळी तिनं बाजेवरूनच विचारलं. आवाज नव्हता, ओठ हलले. वहिनीचं लक्ष दारातल्या चपलांकडं गेलं, माझंही गेलं. पण तिकडं बरोबर जाता येणार नव्हतं.

दादा, वहिनी आणि मी, आम्ही तिघं बाजेभोवती अनवाणीच उभे राहिलो, आणि सगळ्या ओव्या म्हटल्या.